नाताळच्या सुट्टीत घरी बसून पुस्तकं आणि सिनेमे: पहिल्यांदाच ठरवून बसणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी यादी केली ती चौदा पुस्तकांची आणि बावीस सिनेमांची. सुट्टी संपली तेव्हा दीड पुस्तक वाचून झालं होतं. सिनेमे चार पाहिले, त्यातले तीन यादीत नव्हतेच. उरलेल्या संध्याकाळी रिमोट हातात धरून पोस्टरं पुढे सरकवण्यात गेल्या. ‘हा बघूया का?’ ‘नको, जड वाटतोय.’ ‘मग हा?’ असं करत साडेदहा वाजायचे आणि मग सगळे झोपायला.

दोनतीन वर्षं असंच झाल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. काय बघायचं हे ठरवणं आणि ते बघणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच संध्याकाळी करायला गेलं की दोन्ही बिघडतात. पुस्तकांचंही तेच. म्हणून खालच्या नऊ पायऱ्यांपैकी पहिल्या पाच सुट्टी लागण्याच्या आधीच उरकायच्या आहेत. एका रविवारची दुपार पुरते.

हाताशी काय काय लागेल

- एक कागद आणि पेन. फोनमधली यादी चालत नाही, कारण यादी बघायला फोन उचलला की पुढचा अर्धा तास गेला.
- वाचनालयाचं कार्ड, आणि त्यावर आधीची पुस्तकं किंवा दंड अडकलेला नाही याची खात्री.
- सिनेमांच्या ॲपचे पासवर्ड. घरात एकालाच माहीत असतात आणि तो नेमका बाहेर गेलेला असतो.
- रिमोटचे जादा सेल. लॅपटॉप टीव्हीला जोडणार असाल तर एचडीएमआय केबल, एकदा लावून तपासलेली.
- वाचायला वेगळा दिवा.
- चश्म्याचा नंबर बदललाय असं वाटत असेल तर तेवढं काम आधी करा.

१. आधी तास मोजा, मग यादी

२४ डिसेंबर ते १ जानेवारी धरले तर नऊ दिवस होतात. सगळ्यांना सगळे मिळत नाहीत, पण मिळाले असं समजू. पाहुणे, स्वयंपाक, आवराआवर, फोन, झोप हे सगळं वजा जाता दिवसाला तीन तास हातात राहिले तरी पुष्कळ. म्हणजे सत्तावीस तास. चार सिनेमे धरा, त्यांचे नऊ तास. वाचायला उरले अठरा.

आता आपला वाचनाचा वेग काढा. इंग्रजी वाचनावरच्या बऱ्याच अभ्यासांची बेरीज मार्क ब्रिसबर्ट या संशोधकाने २०१९मध्ये मांडली. त्यात मनातल्या मनात ललित वाचन करणाऱ्यांचा सरासरी वेग मिनिटाला २६० शब्द आणि माहितीपर वाचनाचा २३८ निघाला. पण सरासरी आपल्या काय कामाची? शिवाय मराठीत शब्द लांब, जोडाक्षरं जास्त. त्यापेक्षा हातातलं पुस्तक घ्या, दहा मिनिटांचा गजर लावा आणि नेहमीसारखं वाचा. सहा पानं झाली तर तासाला छत्तीस, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक साडेपाच तासांचं. त्यात दारावरची बेल आणि ‘जरा इकडे ये’ मिळवा. आठ तास धरा.

अठरा तासांत अशी दोन पुस्तकं बसतात. चौदा नाही. हा हिशेब केल्यावर मला जरा वाईट वाटलं होतं, पण यादी आपोआप शहाणी झाली.

२. जोड्या लावा

मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती ही. सुट्टीसाठी सुटी पुस्तकं आणि सुटे सिनेमे न निवडता एक लिखाण आणि त्यावरून निघालेला एक सिनेमा अशी जोडी निवडायची. संध्याकाळी काय बघायचं हा प्रश्न सकाळी वाचलेल्या पानांनीच सोडवलेला असतो, आणि जेवताना बोलायला विषयही मिळतो.

नवख्या माणसाने जोडी निवडताना लिखाण छोटं घ्यावं. सहाशे पानांची कादंबरी दोन तासांत कोंबली की दिग्दर्शकाला निम्मी पात्रं कापावीच लागतात आणि वाचलेला माणूस सिनेमाभर कुरकुरत बसतो. दीर्घकथेचं तसं होत नाही. तिच्यात सिनेमाला श्वास घ्यायला जागा असते. माझ्या आवडत्या तीन जोड्या सांगतो.

पहिली जोडी: फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या अमेरिकी लेखकाची एक छोटी कथा होती, ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’. प्रकाशक घेईनात, म्हणून १९४३च्या डिसेंबरमध्ये त्याने स्वतःच तिच्या दोनशे प्रती छापल्या आणि नाताळची शुभेच्छापत्रं म्हणून ओळखीच्यांना पाठवल्या. ती पुढे हॉलिवूडमध्ये पोचली आणि फ्रँक काप्राने १९४६मध्ये तिच्यावरून ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ केला. कथा अर्ध्या तासात वाचून होते, सिनेमा एकशे तीस मिनिटांचा आहे. इवल्याशा कथेत एक अख्खं गाव कसं उभं केलं ते पाहण्यासारखं आहे. एकच दिवस मोकळा असेल तर हीच जोडी घ्या.

दुसरी जोडी: चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’. हे १९ डिसेंबर १८४३ला प्रसिद्ध झालं आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. ‘कॅरल’ म्हणजे गाणं, म्हणून डिकन्सने प्रकरणांना प्रकरण न म्हणता गाण्याच्या कडव्याला असलेला शब्द वापरला. अशी पाच कडवी आहेत. २० तारखेपासून रोज एक घेतलं तर २४ला पुस्तक संपतं. हे मोठ्याने वाचायला फार छान आहे. डिकन्स स्वतः १८५३पासून लोकांसमोर त्याचं जाहीर वाचन करायचा. मोठ्याने वाचताना एका कडव्याला अर्धा ते पाऊण तास धरा. यावरून सिनेमे इतके झालेत की निवडताना घोळ होतो. काळा-पांढरा चालत असेल तर १९५१चा, लहान मुलं असतील तर १९९२चा बाहुल्यांचा. दोन्ही दीड तासाच्या आत संपतात.

तिसरी जोडी जरा शांत माणसांसाठी. जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ (१९१४) या कथासंग्रहातली शेवटची दीर्घकथा ‘द डेड’. नाताळानंतरच्या दिवसांतली एक मेजवानी, नाच, गाणी आणि नंतरची रात्र. जॉन ह्यूस्टनने १९८७मध्ये यावरून केलेला त्र्याऐंशी मिनिटांचा सिनेमा त्याचा शेवटचा ठरला, तो पडद्यावर यायच्या आधीच ह्यूस्टन गेला. कथा तासाभरात वाचून होते, पण घाईने वाचू नका. पहिली वीस पानं ‘यात घडतंय काय?’ असं वाटेल. वाटू द्या. ही जोडी सुट्टीच्या अगदी शेवटी ठेवा, घर जरा रिकामं झाल्यावर.

आधी काय, वाचन की सिनेमा? कथा असेल तर आधी वाचा. जाडजूड कादंबरी असेल आणि ती वाचवेल की नाही याची शंका असेल, तर खुशाल आधी सिनेमा बघा. चेहरे डोळ्यांसमोर असले की नावं लक्षात राहतात. पुस्तकप्रेमी मंडळी यावर रागावतात, त्यांना रागावू द्या.

(मारधाड आवडणारे घरात असतीलच. ‘डाय हार्ड’ नाताळचा सिनेमा आहे की नाही यावर ते दरवर्षी भांडतात. तो घडतो नाताळच्या आदल्या रात्री, पण प्रदर्शित झाला १९८८च्या जुलैमध्ये, आणि निघाला रॉडरिक थॉर्पच्या १९७९च्या ‘नथिंग लास्ट्स फॉरेव्हर’ या कादंबरीवरून. म्हणजे ही पण जोडीच झाली. भांडण मिटवायची जबाबदारी माझी नाही.)

३. जे ठरवलंय ते मिळतंय का, आणि पूर्ण मिळतंय का

ॲपवर आज दिसणारा सिनेमा २६ तारखेला असेलच असं नाही. सिनेमांचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात आणि ती मुदत पुष्कळदा महिनाअखेरीस संपते. डिसेंबरअखेरीस तर हमखास काहीतरी गायब होतं. यादीतल्या प्रत्येक सिनेमाचं पान उघडून ‘अमुक तारखेपर्यंत’ अशी ओळ आहे का ते पाहा.

जुन्या सिनेमांत आणखी एक खड्डा आहे. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’च्या हक्कांचं नूतनीकरण १९७४मध्ये राहून गेलं, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या टीव्ही वाहिन्या तो फुकटात दाखवत राहिल्या आणि त्यामुळेच तो घरोघरी पोचला. पण याचा दुसरा परिणाम म्हणजे त्याच्या नाना प्रती फिरतात. काही कापलेल्या, काही मागाहून रंग चढवलेल्या. म्हणून मिनिटं तपासा. एकशे तीसच्या बरीच खाली असतील तर काहीतरी कापलंय. उलटही होतं. इंगमार बर्गमनच्या ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ची सुरुवात नाताळच्या मोठ्या मेजवानीने होते. त्याची सिनेमागृहातली आवृत्ती तीन तासांची आहे आणि टीव्हीसाठी केलेली पाच तासांहून मोठी. रात्री नऊला लावून बसल्यावर हे कळलं तर काय होतं ते मी अनुभवलंय.

पुस्तकांसाठी पहिला मार्ग वाचनालय. सुट्टीत ते बंद असण्याचीच शक्यता जास्त, आणि चांगल्या पुस्तकांना आधीच नंबर लागलेले असतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा. जुनी इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. हे काम मायकेल हार्टने १९७१मध्ये सुरू केलं आणि तिथे आता सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं आहेत. ऐकायची असतील तर लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली मिळतात. आवाज आवडतोय का ते आधी दोन मिनिटं ऐकून बघा, वाचणाऱ्यांमध्ये फार फरक असतो.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. मूळ पुस्तक हक्कमुक्त असलं म्हणून त्याचं भाषांतर हक्कमुक्त होत नाही. भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो. डिकन्स फुकट मिळेल, पण त्याचं नवं भाषांतर कुणी पीडीएफ करून पाठवलं तर ते बहुधा चोरीचं. आणि अशा फायलींत मधली पानं गहाळ असतात हा माझा अनुभव, ती नेमकी शेवटाकडची.

४. डाउनलोड करून ठेवा

एका वर्षी २५ तारखेच्या संध्याकाळी, सगळे गोधड्या घेऊन बसल्यावर, नेट गेलं. तक्रार नोंदवायचा फोनही लागेना, आणि लागला असता तरी त्या रात्री कोण येणार होतं? तेव्हापासून यादीतले निदान दोन सिनेमे आधी उतरवून ठेवतो.

नेटवरूनच बघणार असाल तर हिशेब माहीत असू द्या. नेटफ्लिक्स सांगतं त्याप्रमाणे फुल एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिटचा वेग लागतो आणि ४के चित्रासाठी १५ मेगाबिटचा. फोनचा डेटा वापरणार असाल तर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात, ४केला ७ जीबीपर्यंत. शिवाय हा वेग घरातल्या सगळ्यांमध्ये वाटला जातो. आतल्या खोलीत कुणी गेम उतरवत असेल तर इकडे चित्र गोठणारच.

डाउनलोडमध्येही सापळा आहे. उतरवलेल्या सिनेमालाही मुदत असते, आणि काही सिनेमांना एकदा ‘प्ले’ दाबलं की पुढे अठ्ठेचाळीस तासच मिळतात. ‘चालतोय का’ हे तपासायला आधीच दाबून ठेवू नका. आणि ज्या उपकरणावर उतरवलंय त्यावरूनच तो टीव्हीवर दिसतो का हे दुसऱ्या एखाद्या फायलीवर तपासा, काही ॲप केबलवरून चित्र पाठवू देत नाहीत.

५. टीव्ही एकदा नीट लावा

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि पुढची सगळी वर्षं उपयोगी पडतं.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवे टीव्ही त्या चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं बनवून घालतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. क्रिकेटला ते ठीक. सिनेमा मात्र त्यामुळे घरगुती मालिकेसारखा दिसायला लागतो आणि नट खोटे वाटतात. ‘काहीतरी विचित्र दिसतंय’ असं वाटत असेल तर कारण बहुधा हेच. सेटिंगमध्ये सॅमसंगला ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीला ‘ट्रूमोशन’, सोनीला ‘मोशनफ्लो’ अशी नावं दिसतील. ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडला की काम झालं.

काळ्या पट्ट्यांना घाबरू नका. रुंद सिनेमाला वर-खाली पट्ट्या येतात, १९४०च्या दशकातल्या सिनेमांना डावी-उजवीकडे. चित्राचा मूळ आकारच तसा असतो. ‘पडदा पूर्ण भरा’चं बटण दाबलं की माणसं जाडी होतात किंवा त्यांची डोकी कापली जातात.

आवाज. बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी संगीताने शेजारी जागे व्हावेत. बरेचदा याचं कारण असं की सिनेमाचा आवाज सहा वाटांचा, म्हणजे ५.१ असतो, त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, आणि आपल्या टीव्हीला तो स्पीकरच नसतो. ऑडिओच्या यादीत ‘स्टिरिओ’ असेल तर तो घ्या, किंवा टीव्हीत संवाद ठळक करणारं सेटिंग शोधा. तरीही सबटायटल लावायला लाजू नका. सबटायटलमध्ये ‘दार करकरतं’ असं यायला लागलं तर तुम्ही कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा प्रकार निवडलाय. साधा प्रकार यादीत वेगळा असतो.

बसायचं अंतर पडद्याच्या तिरक्या मापाच्या दीडपट ठेवा. ५५ इंचाला साधारण सात फूट. खोलीत मिट्ट काळोख नको, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा असला की डोळे शिणत नाहीत.

६. वाचन सकाळी

सिनेमा रात्रीचा, वाचन सकाळचं. उलटं करून पाहिलं, जमलं नाही. रात्री पोट भरल्यावर पुस्तक उघडलं की चौथ्या पानाला झोप येते आणि दुसऱ्या दिवशी तीच चार पानं परत. दिवस छोटे असतील तर खिडकीजवळची जागा पकडा, दिवा लागलाच तर तो खांद्याच्या मागून पानावर पडेल असा ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत. उलटा ठेवलेला फोन हा फोनच असतो. पडद्यावर वाचत असाल तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे नजर टाका.

७. सोडून द्यायचा नियम आधीच ठरवा

नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपालबाईंचा एक नियम मला फार पटतो. पन्नास पानं वाचा. पकड घेतली नाही तर पुस्तक खाली ठेवा. आणि वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं द्या. सत्तरीच्या माणसाने तीस पानांत निकाल लावायचा. सिनेमाला मी वीस मिनिटं देतो. त्यानंतर खोलीतल्या निम्म्याहून जास्त जणांनी फोन काढले असतील तर सिनेमा बदलतो, पण बदलीचा सिनेमा कागदावर आधीच लिहिलेला असतो. पोस्टरं सरकवायची नाहीत.

‘पुढचा भाग आपोआप’ हे सेटिंग बंद करून टाका. मालिका सुट्टी गिळतात. मी तर या नऊ दिवसांत मालिका सुरूच करत नाही.

८. घरातली माणसं

एकमत होत नाही, त्याची वाट बघू नका. प्रत्येकाला एक संध्याकाळ द्या. त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा, आणि बाकीच्यांनी टोमणे मारायचे नाहीत. घरातल्या आजींनी निवडलेला सिनेमा आमच्याकडे त्या वर्षीचा सगळ्यात आवडता ठरला होता. मुलं असतील तर वयाचा शिक्का बघाच, पण त्यावरच विसंबू नका. शिक्का मारामारी आणि भाषा मोजतो, तुमचं मूल कुठल्या प्रसंगाला घाबरेल हे त्याला कळत नाही. पहिली पंधरा मिनिटं आणि मधला एखादा तुकडा स्वतः आधी बघून घ्या.

वाचताना कुणी ‘काय वाचतोयस?’ विचारलं तर एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. एक तर माणूस शेजारी बसतो, नाहीतर परत विचारत नाही.

९. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी

फुकट चाचणी म्हणून एखादं ॲप घेतलं असेल तर ते आजच बंद करा. शेवटच्या दिवसावर ठेवलं की पैसे कापल्याचा मेसेज येतो, आणि फोनवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, ती खात्यात जाऊन थांबवावी लागते. वाचनालयाची पुस्तकं दाराजवळ पिशवीत भरून ठेवा. अर्धं राहिलेलं पुस्तक असेल तर आतल्या चिठ्ठीवर पानाच्या आकड्यासोबत दोन ओळी लिहा: कोण कोण आहे, आत्ता काय चाललंय. फेब्रुवारीत ते परत उघडाल तेव्हा नुसता पान क्रमांक बघून काहीही आठवत नाही.

आणि तो यादीचा कागद फेकू नका. न पाहिलेल्या सिनेमांवर गोल करा आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये, डिसेंबरच्या पानाला टाचून ठेवा.